अवघड जागेचे दुखणे

मराठी समाजात आजारांचीही एक उतरंड आहे आणि वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात ती दिलेली नसली, तरी घराघरांत ती सर्वांना तोंडपाठ असते. हृदयाची शस्त्रक्रिया या उतरंडीत सर्वांत वर बसते, कारण तिच्या निमित्ताने संबंधित गृहस्थांना हृदय होते, एवढे तरी नातेवाइकांसमोर सिद्ध होते. मधुमेह आणि रक्तदाब हे मधल्या पायरीवरचे, चारचौघांत सांगण्याजोगे, सभ्य आजार असून, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फेऱ्या मारणारी ज्येष्ठ मंडळी आपल्या साखरेचे आकडे ज्या अभिमानाने एकमेकांना सांगतात, तो अभिमान पूर्वी मुलांच्या दहावीच्या टक्क्यांसाठी राखून ठेवलेला असे. गुदमार्गाच्या विकारांना मात्र या उतरंडीत जागाच नाही. त्यांतल्या त्यात मूळव्याधीला रस्त्याकडेच्या भिंतींनी आश्रय दिला आहे. भगंदराचे नाव त्या भिंतींवर असते खरे, पण मूळव्याध आणि फिशर यांच्यानंतर, तिसऱ्या क्रमांकावर, रंगाऱ्याला जागा उरली तर.

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्याने रचली, त्याने या आजाराच्या उपचारातील पहिला आणि सर्वांत मोठा अडथळा शरीररचनेत नसून नातेसंबंधांत आहे, हे अचूक ओळखले होते. नाशिक शहरात हा अडथळा अधिकच बिकट होतो, कारण 1998 साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे, आणि ॲलोपॅथीपासून आयुर्वेदापर्यंत राज्यभरातील भावी डॉक्टरांच्या परीक्षा जेथून चालतात, त्या गावात जावई, भाचा, साडू किंवा निदान सोसायटीचा सचिव यांपैकी कोणीच डॉक्टर नसलेले कुटुंब शोधणे कष्टाचे काम आहे. परिणामी सिडकोतला रुग्ण ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून पंचवटीतला दवाखाना गाठतो, पंचवटीतला रुग्ण त्याच कारणासाठी सिडकोत जातो, आणि द्वारका चौकातल्या कोंडीत दोघांच्या रिक्षा शेजारीशेजारी उभ्या राहतात. वास्तविक शल्यकर्माचे वावडे असण्याचे या शहराला काहीच कारण नाही. पंचवटीत झालेली सर्वांत प्रसिद्ध शस्त्रक्रिया लक्ष्मणाने शूर्पणखेच्या नाकावर, भूल न देता आणि संमतिपत्र न घेता केली, आणि तिच्यातून उद्भवलेली गुंतागुंत थेट लंकेपर्यंत पसरली, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतील बाजूपासून गुदद्वाराजवळच्या त्वचेपर्यंत तयार झालेली अनैसर्गिक नळी होय. तिला एक तोंड आत असते आणि एक बाहेर, आणि दोन्हींपैकी कोणत्याही तोंडाने ती खरे सांगत नाही. गुदद्वारापासून सुमारे दोन सेंटिमीटर आत, जेथे आतड्याचे ओलसर अस्तर संपून त्वचेसारखे आवरण सुरू होते, त्या सीमेवर काही बारीक ग्रंथी असतात. त्यांचे काम थोडासा बुळबुळीत स्राव सोडणे एवढेच असून, त्या काम करत आहेत याची आयुष्यभर कोणालाही जाणीव नसते. त्यांपैकी एखादीचे तोंड बंद झाले की आत जंतुसंसर्ग होतो, पू साठतो, आणि बाहेर पडण्यासाठी तो स्नायूंच्या फटींतून वाट काढत त्वचेजवळ येतो आणि त्याचे गळू होते. गळू फुटते किंवा शल्यचिकित्सक ते फोडतात, ठणका एका तासात नाहीसा होतो, आणि रुग्ण त्या डॉक्टरांची गणना देवमाणसांत करू लागतो. परंतु अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांत पू गेला तरी वाट राहते. बाहेरचे तोंड काही दिवसांनी मिटते, रुग्णाला आजार बरा झाल्याचा आनंद होतो, आत पुन्हा पू साठतो, पुन्हा ठणका लागतो, पुन्हा ते फुटते. या आजाराची खरी लबाडी दुखण्यात नाही, तर मधूनमधून न दुखण्यात आहे. तो सलग दुखला असता, तर रुग्ण तीन वर्षे आधी डॉक्टरांकडे गेला असता.

हा क्रम सुश्रुताने फार पूर्वी नेमका टिपला होता: न फुटलेली असेल तोवर ती पिडका, फुटली की भगंदर. त्याने या आजाराला आठ महागदांत, म्हणजे बरे करण्यास अत्यंत कठीण अशा आठ महाव्याधींत बसवले असून, त्या यादीत वातव्याधी, कुष्ठ, अर्श म्हणजे मूळव्याध, अश्मरी म्हणजे मूतखडा, मूढगर्भ आणि उदर यांच्याबरोबर प्रमेहही, म्हणजे ज्यात मधुमेह मोडतो तो विकारही, आहे. गोल्फ क्लब मैदानावरील मंडळींनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण त्यांच्या साखरेला आणि शेजाऱ्याच्या भगंदराला शास्त्राने एकाच पंक्तीत पाट मांडला आहे. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार केले. अनेक छिद्रांतून चाळणीप्रमाणे स्रवणारा तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उंचावलेला तो उष्ट्रग्रीव, सतत पाझरणारा तो परिस्रावी, शंखाच्या आतील वेढ्यांप्रमाणे फिरणारा तो शंबूकावर्त, आणि पाचवा उन्मार्गी, जो मांसाबरोबर हाड गिळणाऱ्या अविचारी माणसाला होतो. शेवटच्या दोहोंना त्याने असाध्य ठरवले. अशा जागी उंटाची मान दिसणे यासाठी निरीक्षणशक्तीइतकेच काव्यही अंगी असावे लागते, आणि पुढील काळातील शल्यचिकित्सकांत पहिला गुण वाढत गेला, तरी दुसरा तितकासा टिकला नाही, असे म्हणावे लागते.

याचा पुरावा म्हणजे 1976 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 400 रुग्णांच्या अभ्यासावरून केलेले वर्गीकरण, जे आज जगभर वापरले जाते. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वलये असतात; आतले आपोआप आवळलेले राहते, बाहेरचे माणसाच्या इच्छेनुसार चालते, आणि या दोहोंच्या सहकार्यावर मनुष्याची सारी सामाजिक प्रतिष्ठा उभी असते. पार्क्स यांनी भगंदराची नळी या वलयांच्या मधून जाते, आरपार जाते, वरून वळसा घालून जाते की पूर्णपणे बाहेरून जाते, एवढाच प्रश्न विचारून चार प्रकार केले. उंट नाही, शंख नाही. पण उपचाराच्या दृष्टीने प्रश्न तोच कळीचा. त्याआधी 1900 च्या सुमारास डेव्हिड गुडसॉल यांनी सांगितलेला एक नियमही अद्याप चालतो. बाहेरचे छिद्र मागच्या अर्ध्या भागात असेल तर नळी वळण घेऊन मागच्या मध्यरेषेत उघडते, पुढच्या भागात असेल तर ती बहुधा सरळ जाते. हे सर्व नोंदवताना रुग्णाला उताणा, पाय उंच करून झोपवलेला धरतात आणि गुदद्वारावर घड्याळाची तबकडी कल्पून जागा सांगतात. बारा वाजता म्हणजे पुढे, सहा वाजता म्हणजे मागे. 'बाहेरील छिद्र सात वाजता' असे लिहिलेला कागद घरच्या मंडळींच्या हाती पडला, की संध्याकाळी सातची वेळ मिळाली असे समजून कोणीतरी रिक्षा बोलावून ठेवते.

शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यापूर्वी नाशिकचा रुग्ण जी परिक्रमा करतो, ती शास्त्रोक्त नसली तरी तिचा क्रम ठरलेला आहे. प्रथम तो कमरेखालच्या प्रत्येक तक्रारीला 'उष्णता' म्हणतो आणि रविवारची मिसळ सोडतो, जो त्याग करताना त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसते, ते पुढे मणक्यात भुलीचे इंजेक्शन घेतानाही दिसत नाही. मिसळीच्या तर्रीने आतली जळजळ वाढते हे खरे असले, तरी तिने भगंदर होत नाही आणि ती सोडल्याने तो जातही नाही. नंतर तो औषधाच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक कमी होण्याची वाट पाहत, उगाचच दंतमंजनाच्या नळ्या न्याहाळत उभा राहतो आणि मग हलक्या आवाजात 'मित्रासाठी' मलम मागतो. त्यानंतर प्रतिजैविकांचा एक कोर्स होतो, ज्याने गळवाचा भर काही काळ ओसरतो, पण नळी जशीच्या तशी राहते, कारण भोवताली अस्तर धरलेली वाट गोळीने बुजत नाही. शेवटी भिंतीवरच्या जाहिरातीतील 'बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात, खात्रीशीर' हे शब्द त्याला खुणावू लागतात. या टप्प्यावर मात्र विनोद बाजूला ठेवून सांगणे भाग आहे, की अशिक्षित हातांनी त्या भागात टोचलेल्या दाहक द्रव्यांमुळे मांस सडण्याचे, गुदमार्ग आकसण्याचे आणि साध्या भगंदराचा गुंतागुंतीचा भगंदर होण्याचे प्रकार शल्यचिकित्सकांना पाहावे लागतात, आणि मग जे काम सोपे होते, तेच अनेक शस्त्रक्रियांचे होऊन बसते.

उपचारांचे सारे शास्त्र एका पेचाभोवती फिरते. नळी आतल्या तोंडासह पूर्ण उघडली तर आजार जातो, पण ती ज्या स्नायूतून गेली आहे तो स्नायूही तितका कापला जातो; स्नायू राखला तर ताबा राहतो, पण आजार परत येण्याची शक्यताही राहते. म्हणजे एका बाजूला पुन्हा भगंदर होण्याची भीती आणि दुसऱ्या बाजूला भर सभेत फजिती होण्याची भीती, या दोहोंच्या मधल्या अरुंद जागेत शल्यचिकित्सकाला सुरी चालवावी लागते. नळी स्नायूच्या अगदी खालच्या थोड्या भागातून जात असेल, तर ती लांबीभर उघडून उघडीच ठेवणे ही जुनी पद्धत आजही सर्वांत यशस्वी आहे आणि तिने शंभरांत नव्वदाहून अधिक रुग्ण बरे होतात. काही शल्यचिकित्सक नळी उघडण्याऐवजी ती अख्खी कोरून काढतात; त्यामुळे जखम मोठी होते, पण तपासणीसाठी तुकडा मिळतो. तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवणे भारतात विशेष महत्त्वाचे आहे, कारण क्षयरोगही क्वचित या वेषात येतो, आणि आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या क्रोन्स या विकारातही असे भगंदर होतात. दोन्ही वेळा सुरीच्या जोडीला औषधे लागतात.

नळी उंच असेल, स्नायूचा मोठा भाग व्यापत असेल किंवा तिला फाटे असतील, तर आधी एमआरआय काढून तिचा नकाशा घेतात. त्यात कधीकधी घोड्याच्या नालाच्या आकाराचा पसारा दिसतो आणि दोन वर्षे मलमावर काढलेला रुग्ण प्रथमच गंभीर होतो. अशा वेळी नळीतून एक सैल धागा ओवून ठेवतात, ज्याला सीटन म्हणतात. तो पू साठू देत नाही आणि पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत वाट शांत ठेवतो. धाग्याची कल्पना फार जुनी आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत घोड्याच्या केसाभोवती पीळ घातलेला धागा वापरण्याचे वर्णन आहे. अलीकडच्या पद्धती स्नायू वाचवण्यासाठी निघाल्या. 2007 साली थायलंडच्या अरुण रोजनसकुल यांनी मांडलेली लिफ्ट पद्धत दोन वलयांच्या मधल्या जागेत शिरून नळी तेथेच बांधते आणि तोडते. इटलीच्या मेइनेरो यांनी नळीत बारीक दुर्बीण घालून, आतून पाहत ती जाळण्याची पद्धत आणली. लेझरचा तंतू आत घालून नळी आतून आकसवण्याचीही पद्धत आहे, आणि आतल्या तोंडावर निरोगी अस्तराचा पडदा ओढून शिवण्याचीही. या सर्वांत स्नायू बहुतांशी शाबूत राहतो, पण यश साधारण तीनांतल्या दोघांना मिळते, ही गोष्ट 'लेझर' हा शब्द ज्या फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, त्या फलकांवर कोठेच आढळत नाही. लेझर म्हणजे बिनदुखीचा, बिनजखमेचा आणि बिनचूक, असा नाशिककरांचा समज आहे. द्राक्षबागेतील ठिबक सिंचन आणि गुदमार्गातील लेझर या दोन तंत्रज्ञानांवर त्यांचा सारखाच विश्वास असून, पहिल्यावरचा तो अधिक सार्थ आहे. मूलपेशींचेही प्रयोग झाले. क्रोन्सच्या भगंदरासाठी युरोपात 2018 साली मान्यता मिळालेले एक अतिशय महाग इंजेक्शन पुढच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित गुण न दाखवल्यामुळे 2024 च्या अखेरीस मागे घेण्यात आले, आणि त्या काळात साधा धागा मात्र आपल्या जागी टिकून राहिला.

या धाग्याच्या भारतीय अवताराला क्षारसूत्र म्हणतात, आणि त्याच्याबद्दल नाशिकमध्ये थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण पंचवटीतील गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आणि आरोग्यशाळा रुग्णालय असल्यामुळे येथील कित्येक घरांना क्षारसूत्र आणि जावई या दोन्ही गोष्टी एकाच वास्तूतून मिळाल्या असण्याचा संभव आहे. सुश्रुताने क्षाराच्या धाग्याचा उल्लेख केला. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने निवडुंगाचा चीक आणि हळद यांचा धागा सांगितला. आणि विसाव्या शतकात, 1960 च्या दशकापासून, बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. काशीस जाऊन केलेल्या कार्यांत देशपांड्यांच्या या कार्याचा उल्लेख क्वचितच होतो, याचे कारण पहिल्या परिच्छेदातील उतरंडीत शोधावे लागेल. प्रमाणित पद्धतीप्रमाणे वीस नंबरच्या लिननच्या दोऱ्यावर एकूण 21 लेप चढतात. पहिले अकरा नुसत्या निवडुंगाच्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे, शेवटचे तीन चीक आणि हळद यांचे. प्रत्येक लेप वाळल्याखेरीज पुढचा नाही. श्रावणात जिवतीला वाहिला जाणारा तोच हा आघाडा असून, त्याची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून जो क्षार उरतो, तो मांस हळूहळू कापतो, चीक त्याला धरून ठेवतो आणि हळद जंतूंचा बंदोबस्त करते.

धागा नळीत ओवून दोन्ही टोके बाहेर बांधतात आणि दर आठवड्याला जुन्या धाग्याला नवा बांधून ओढून घेतात. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर नळी कापली जाते आणि मागचा भाग तितक्याच संथपणे भरत येतो, त्यामुळे स्नायूची तुटलेली टोके एकदम दूर जात नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर केलेली आणि 1991 साली प्रसिद्ध झालेली तुलनात्मक चाचणी या पद्धतीच्या बाजूने बोलते. शस्त्रक्रियेची जखम सुमारे चार आठवड्यांत भरली आणि क्षारसूत्राला आठ लागले, पण आजार उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत शंभरास अकरा, तर क्षारसूत्रात चार होते. धागा बदलताना होणारी आग मात्र कोणत्याही सरासरीत धरलेली नसते. रुग्णाच्या दृष्टीने या पद्धतीचा दुसरा विशेष म्हणजे दर आठवड्याची हजेरी, आणि तिच्यासाठी कार्यालयातून दर मंगळवारी 'बँकेचे काम' सांगून बाहेर पडणाऱ्या माणसाविषयी, दोन महिन्यांनी, तो कर्ज बुडवून बसला आहे अशी वदंता उठते.

या धाग्यावरून आणि एकूणच शल्यकर्मावरून दोन वैद्यकांत जे राजकारण झाले, तेही विसरता येत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्रीय भारतीय वैद्यक परिषदेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा) शाखांसाठी 58 शस्त्रक्रियांची यादी प्रसिद्ध केली आणि 11 डिसेंबरला ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी देशभर काम बंद ठेवले. दोन्ही बाजूंच्या परीक्षा घेणारे विद्यापीठ एकच असल्यामुळे म्हसरूळला या वादात कोणाच्याही बाजूने घसा बसेपर्यंत ओरडण्याची सोय नव्हती. भगंदराच्या रुग्णांचे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यासाठी आधी कोणालातरी हात वर करावा लागला असता.

हात वर करण्याची लाज सर्वकाळ आणि सर्व देशांत सारखी होती, असे मात्र नाही. फ्रान्सचा चौदावा लुई 1686 च्या आरंभी या आजाराने पछाडला गेला, मलमे आणि पोटिसे निष्फळ ठरली, तेव्हा त्याचा शल्यचिकित्सक शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स याने गरीब रुग्णांवर काही महिने सराव करून, खास वक्र सुरी घडवून घेऊन, 18 नोव्हेंबरच्या सकाळी व्हर्सायच्या राजवाड्यात नळी उघडली. भूल हा प्रकार अजून दीडशेहून अधिक वर्षे दूर होता. राजा कण्हला नाही, फेलिक्सला पैसा, जमीन आणि सरदारकी मिळाली, आणि पुढे दरबारात भगंदराची अशी फॅशन आली, की काही उमरावांनी आजार नसतानाही कमरेखाली राजासारख्या पट्ट्या बांधून हिंडण्यास सुरुवात केली. राजाचे बरे होणे एका माणसाला मात्र फार महागात पडले. राजा बरा झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ जानेवारी 1687 मध्ये झालेल्या संगीतसेवेत दरबारी संगीतकार लुली ताल देण्याची जड काठी जमिनीवर आपटत असताना ती त्याच्याच पायावर बसली, जखम सडली, पाय कापू देण्यास त्याने नकार दिला आणि मार्चमध्ये तो वारला. एकाचा भगंदर बरा होण्याने दुसऱ्याचा मृत्यू झाल्याचे वैद्यकाच्या इतिहासातील हे बहुधा एकमेव उदाहरण असावे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सनेही 1841 साली फ्रेडरिक सॅल्मन यांच्याकडून भूल न घेताच ही शस्त्रक्रिया करून घेतली. पार्क्स ज्या रुग्णालयात काम करत, ते याच सॅल्मन यांनी 1835 साली गरिबांच्या भगंदरासाठी सुरू केले होते. आणि त्याच्याही फार आधी, 1376 साली, जॉन ऑफ आर्डर्न याने या एका आजारावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, श्रीमंत रुग्णाकडून चाळीस पौंड, शिवाय वस्त्रे आणि आजन्म वार्षिक शंभर शिलिंग घ्यावेत, असा सल्ला दिला. मात्र त्याच दमात त्याने वैद्याची नखे स्वच्छ असावीत आणि रुग्णाला हसवतील अशा सभ्य गोष्टी त्याला येत असाव्यात, असेही लिहून ठेवले. नाशिकच्या तपासणी शुल्कात गोष्ट धरलेली नसते.

शस्त्रक्रिया स्वतः फारशी मोठी नसते. मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होते, आणि साध्या भगंदराचा रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. खरा ग्रंथ त्यानंतर सुरू होतो. पोटावरच्या शस्त्रक्रियेची जखम शिवलेली असते, त्यामुळे ती पाहून नातेवाईक टाके मोजतात; ही जखम मुद्दाम उघडी ठेवलेली असते, कारण ती तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची त्वचा घाईने मिटली, तर खाली पोकळी राहते आणि सारा आजार पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून घरच्यांना ज्या दिवशी 'आता छान बंद झालंय' असे वाटते, त्या दिवशी डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते आणि ते बोट घालून ती पुन्हा मोकळी करतात. साध्या जखमेला चार ते आठ आठवडे, गुंतागुंतीच्या भगंदराला त्याहून बरेच अधिक लागतात आणि तोवर थोडा पाणीदार स्राव येत राहणे स्वाभाविक असते. ताप, वाढता ठणका, जास्त रक्त किंवा लघवी अडणे मात्र नाही, आणि त्यांपैकी काही झाले तर 'मंगळवारी जायचंच आहे' म्हणून थांबू नये.

दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे हा या काळातील मुख्य विधी असून, आयुर्वेदात त्याला अवगाह स्वेद म्हणतात. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक आणि दिल्ली दरवाजा येथील पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे हौदांत, जे नाशिककर रंगीत पाण्यात उडी घेतात, त्यांतलाच एखादा आपल्या न्हाणीघरात, प्लास्टिकच्या टबात, पोव्हिडोन आयोडीनने तपकिरी झालेल्या दोन तांबे पाण्यात, कोणतीही उडी न घेता हळूहळू बसतो, आणि ढोल नसले तरी दाराबाहेर 'झालं का?' हा गजर चालू असतो. ही रहाड वर्षातून एकदा नव्हे, तर दिवसातून तीनदा भरते. रात्री इसबगोल, भरपूर पाणी, भाज्या आणि पपई, जेणेकरून मल मऊ राहावा, अशी योजना असते. जोर करावा लागणे हा जखमेचा शत्रू आणि भीतीने शौच रोखून धरणे हा त्याहून मोठा. ड्रेसिंग कोणी करायचे, हा प्रश्न संसाराची परीक्षा पाहतो. पती-पत्नी पंचवीस वर्षांत एकमेकांना जितके ओळखत नव्हती, तितकी ती तीन आठवड्यांत ओळखू लागतात.

भेटायला येणारी मंडळी हा स्वतंत्र विषय आहे. कशाचे ऑपरेशन झाले हे त्यांना ठाऊक असते, आपल्याला ठाऊक नाही असे ती दाखवतात, आणि रुग्ण कुशीवर पडून 'पोटाचं जरा' असे म्हणतो. सर्वांत ज्येष्ठ आत्या 'बस की रे, पडून काय राहिलास' असा आग्रह करतात आणि खोलीत जी शांतता पसरते, तिच्यात कोणीतरी कोंडाजीच्या चिवड्याची पिशवी उघडते. मधोमध भोक असलेली गोल उशी कपाटामागे लपवलेली असते, तिला लहान मूल नेमके त्याच वेळी बाहेर आणते. विमा कंपनीचा माणूस एवढ्यात फोन करून, भगंदर हा प्रतीक्षा काळातील आजार असल्याचे कळवतो. अनेक पॉलिसींत मूळव्याध, फिशर आणि भगंदर यांसाठी दोन वर्षे थांबावे लागते, आणि मलमावर इतकी वर्षे काढलेल्या माणसाला ही अट आपल्याच स्वभावाला अनुसरून घातलेली वाटली, तर नवल नाही.

सुश्रुताने जखम भरल्यानंतरही एक वर्ष व्यायाम, मैथुन, जड अन्न आणि वाहनाच्या पाठीवर बसणे वर्ज्य सांगितले. त्याच्यासमोर घोडे, उंट आणि हत्ती होते. नाशिकच्या रुग्णासमोर सातपूरच्या कारखान्यातील पहिली पाळी आणि दारात उभी असलेली दुचाकी असते. दुचाकीने भगंदर होतो याला आधार नाही, परंतु ताज्या जखमेवर खड्डे काय करतात, यासाठी संशोधनाची गरज नाही. आजचे शल्यचिकित्सक वर्षावरून काही आठवड्यांवर उतरले आहेत, आणि रुग्ण त्या आठवड्यांतही दुचाकीवर अर्धे आसन सोडून, पायांवर उभा राहिल्यासारखा, गतिरोधकांना नमस्कार करत जाताना दिसतो.

जखम भरल्यावर एक शेवटची तपासणी उरते आणि ती गुणांची आहे. जॉर्ज आणि वेक्स्नर यांनी 1993 साली बनवलेल्या तक्त्यात घन मल, पातळ मल आणि वायू यांवरचा ताबा, पॅड वापरावा लागतो का, आणि नित्याच्या जीवनावर परिणाम झाला का, या पाच प्रश्नांना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात. बेरीज वीस आली तर ताबा पूर्ण गेला आणि शून्य आली तर पूर्ण राहिला. परीक्षांच्या या शहरात शून्य मिळवून पेढे वाटावेत अशी हीच एक परीक्षा आहे. पहिल्या दोन प्रश्नांना रुग्ण ठामपणे 'कधीच नाही' म्हणतो. तिसरा प्रश्न वायूचा असतो, त्यालाही तो तितक्याच ठामपणे 'कधीच नाही' म्हणतो, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेली पत्नी डॉक्टरांना विचारते, "हे ऑपरेशननंतरचं धरायचं, की लग्नापासूनचं?"